बंड एका रात्रीत, राज्य पाच वर्षांत : रझाखान पहलवी

जुना_नकाशा

इराणचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट १९७९ वर जाऊन थांबते. खोमेनी, ओलीस, तेल, अमेरिका. त्याआधीचा शाह म्हणजे तो सूटबूटवाला, आणि त्याचा बाप म्हणजे कोणीतरी शिपाईगडी, ज्याने बंड करून गादी बळकावली. एवढ्यावर विषय मिटतो.

मला त्या बापाबद्दलच लिहायचंय, पण राजा झाल्यानंतरच्या काळाबद्दल कमी. बुरखाबंदी, रेल्वे, नवे रस्ते यांवर बरंच लिहिलं गेलंय. फेब्रुवारी १९२१ ते डिसेंबर १९२५ या काळातला रझाखान मात्र फारसा कोणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. बंडाने त्याला गादी मिळालीच नव्हती. बंडाच्या दुसऱ्या दिवशी पंतप्रधान झाला तो दुसराच माणूस.

थोडी पार्श्वभूमी. रझाखानाचा जन्म १८७८ चा, माझंदरानच्या डोंगरातल्या अलाश्त गावचा. बाप लवकर गेला, आई तान्ह्या पोराला घेऊन तेहरानला आली. पंधरा-सोळाव्या वर्षी तो कोसॅक ब्रिगेडमध्ये भरती झाला. ही ब्रिगेड १८७९ मध्ये नासिरुद्दीन शाहने रशियाच्या मदतीने उभी केली होती. शिपाई इराणी, वरचे अधिकारी रशियन. सहा फुटांवर उंची, आवाज दणदणीत, शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नाही. मॅक्सिम बंदूक चालवण्यात हातखंडा, म्हणून 'रझा मॅक्सिम' हे नाव पडलं. चाळिशी ओलांडेपर्यंत तो ब्रिगेडियरच्या आसपासच्या हुद्द्यावर पोचला होता. राजकारणाशी संबंध शून्य.

मग रशियात क्रांती झाली आणि उत्तरेचा धनी गेला. इंग्रजांनी १९१९ मध्ये वसूक-उद-दौला या पंतप्रधानाशी करार करून इराणचं सैन्य आणि खजिना आपल्या सल्लागारांच्या हाती घ्यायचा घाट घातला. करार व्हावा म्हणून पंतप्रधान आणि त्याच्या दोन मंत्र्यांना मिळून एक लाख एकतीस हजार पौंड चारले होते. लोक खवळले, मजलिसने (इराणच्या संसदेने) तो कधीच मंजूर केला नाही. १९२० च्या शेवटी परिस्थिती अशी की कास्पियनच्या काठी गिलानमध्ये बोल्शेविकांच्या मदतीचं 'सोव्हिएत' प्रजासत्ताक, कझवीनला इंग्रजांची फौज, आणि तेहरानात कजर घराण्याचा तरुण राजा अहमद शाह युरोपला कधी सटकता येईल याची वाट बघतोय.

कझवीनच्या इंग्रज फौजेचा प्रमुख जनरल आयर्नसाइड. रशियन अधिकाऱ्यांना हाकलल्यावर कोसॅक जवळच्या आगाबाबा इथे छावणीत पडून होते. थंडी, फाटके कपडे, थकलेला पगार. आयर्नसाइडला तिथे हा उंच माणूस दिसला. आपली फौज माघारी जाणार, मागे कोणीतरी खमक्या हवा, हा हिशोब. फेब्रुवारीत त्याने रझाखानाकडून दोन वचनं घेतली: आम्ही निघताना पाठीवर वार करायचा नाही, आणि शाहला हटवायचं नाही. पहिलं पाळलं गेलं.

२१ फेब्रुवारीच्या पहाटे कोसॅक तेहरानात शिरले. प्रतिकार असा झालाच नाही. सकाळी भिंतींवर जाहीरनामा: 'मी हुकूम करतो'. तेहरानच्या सर्व रहिवाशांनी शांत राहावं, लष्करी हुकूम पाळावेत, वगैरे नऊ कलमं, खाली रझाची सही. त्याखाली कोणीतरी एक अस्सल शिवी खरडून ठेवली असा किस्सा इराणी लोक अजून सांगतात.

पण पंतप्रधान झाला सय्यद झिया तबातबाई, तिशीतला पत्रकार. बंडाचं डोकं तोच समजला जात होता. रझाखानाला मिळाला 'सरदार सिपाह' हा किताब आणि फौजेची सरदारी. युद्धमंत्रीसुद्धा आधी दुसराच नेमला होता. एप्रिलच्या सुमारास ते खातं रझाखानाने घेतलं आणि मे महिन्यात सय्यद झियाची रवानगी देशाबाहेर झाली. शंभरेक दिवसांचा खेळ. शाहलाही तो नको होताच, तेव्हा दोघांचं जमलं.

आता पुढचं बघा. फेब्रुवारी १९२१ ते ऑक्टोबर १९२३ या काळात सय्यद झिया, कवाम, मुशीर-उद-दौला, पुन्हा कवाम, मुस्तौफी, पुन्हा मुशीर-उद-दौला अशी सहा मंत्रिमंडळं आली आणि पडली. प्रत्येक वेळी वाद, भाषणं, राजीनामे. युद्धमंत्री मात्र एकच. तो खाली उतरलाच नाही, आणि घाईने वरही चढला नाही. १९२१ संपताना आणि १९२२ च्या सुरुवातीला त्याने दोन गोष्टी केल्या. कोसॅक आणि स्वीडिश अधिकाऱ्यांनी घडवलेलं जांदार्म (लष्करी पोलीस) दल एकत्र करून एकच फौज केली. आणि सरकारी जमिनींचं उत्पन्न व अप्रत्यक्ष कर यांची वसुली युद्धखात्याकडे ओढून घेतली. म्हणजे पंतप्रधान कोणीही असो, शिपायाच्या हातात महिन्याचा पगार पडणार तो सरदार सिपाहच्या नावाने. ज्या देशात फौजेचे पगार वर्षानुवर्षं थकायचे तिथे याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की रझाखान घोड्यावरून गादीपर्यंत गेला नाही. तो युद्धखात्याच्या हिशोबाच्या वहीतून आणि मजलिसच्या मतदानातून गेला. मतं मांडा, चर्चा होऊ द्या.

चहाबिस्किट

पहिलं वचन पाळलं, हे वाक्य आवडलं. पुढचं येऊ द्या, चहा ठेवलाय.

सुभेदार_नि.

उत्तम धागा. फौजेत आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. कोसॅक तेहरानला देशप्रेमाने गेले असं कोणी म्हणालं तर हसू येईल. वाटेत सय्यद झिया पैसे घेऊन त्यांना भेटला आणि वाटप झालं, हे नोंदलेलं आहे. पगार थकलेली पलटण कोणाचीही असते.

दुसरं, दोन फौजा एकत्र करणं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. ते प्रकरण फार नाजूक होतं. जांदार्मचे अधिकारी शिकलेले, राष्ट्रवादी, आणि कोसॅकांना अडाणी समजणारे. एकत्रीकरण झाल्यावर मोक्याच्या जागा बहुतेक कोसॅकांना गेल्या. खोरासानात कर्नल पेस्यान हा जांदार्मचा अधिकारी आधीच सरकारविरुद्ध उभा राहिला होता, तो ऑक्टोबर १९२१ मध्ये लढाईत मारला गेला. १९२२ च्या सुरुवातीला तबरीझमध्ये मेजर लाहुतीचं बंड झालं, तोही जांदार्मचाच. ते मोडलं आणि तो सीमेपार सोव्हिएत मुलखात पळाला. म्हणजे या माणसाने बाहेरच्या टोळ्यांआधी स्वतःच्या तोडीचे गणवेशातले प्रतिस्पर्धी संपवले. टोळीवाले नंतर. कुर्दांचा सिमको १९२२ च्या उन्हाळ्यात.

पानगळ

लेख छान, पण एक शंका. सगळं आयर्नसाइडने ठरवलं, माणूस त्याने निवडला, दारूगोळा-कपडे इंग्रजांनी पुरवले. मग 'हिशोबाच्या वहीतून' वगैरे कशाला? इंग्रजांचं प्यादं होतं ते. शेवटी १९४१ मध्ये त्यांनीच उचललं. इराणमध्ये तर आजही लोक असंच म्हणतात ना?

जुना_नकाशा

@पानगळ, तसं म्हणतात खरं, आणि पहिल्या पायरीपुरतं ते बरोबरच आहे. आयर्नसाइडशिवाय रझाखान आगाबाबातच पडून राहिला असता. पण आयर्नसाइड म्हणजे लंडन नव्हे. तेव्हाचा इंग्रज परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन याचा जीव त्या १९१९ च्या करारात अडकला होता, आणि बंडवाल्या सरकारने आल्या आल्या तो करारच मोडीत काढला. त्याच आठवड्यात सोव्हिएत रशियाशी तहावर सही झाली. प्यादं असं खेळत नाही.

अजून एक. मुहम्मराचा शेख खझल इंग्रजांचा खास माणूस. तेलाच्या नळ्या त्याच्या मुलखातून जायच्या, त्याला इंग्रजांनी लेखी हमी दिलेली होती. १९२४ च्या शेवटी रझाखान फौज घेऊन खुझिस्तानात उतरला आणि शेखने शरणागती पत्करली. इंग्रजांनी काय केलं? बघत बसले. तेहरानमधला त्यांचा राजदूत पर्सी लोरेन याला तोवर कळून चुकलं होतं की दहा शेखांपेक्षा एक मजबूत तेहरान परवडतं. प्यादं म्हणा, पण हे प्यादं धन्यालाच सरकायला लावत होतं.

दादर_पूर्व

आयर्नसाइडशी गाठ घालून देणारा माणूस आपल्या मुंबईचा होता असं एक मत आहे, ते इथे यायला हवं. अर्देशीरजी रिपोर्टर. मुंबईचा पारशी. इराणातल्या झरतुष्ट्रींची स्थिती सुधारावी म्हणून मुंबईच्या पारशांनी जे मंडळ काढलं होतं, त्याचा प्रतिनिधी म्हणून १८९३ पासून तेहरानात. इंग्रजांसाठी बातम्या गोळा करणं हाही उद्योग. त्याच्या नावावरच्या आठवणींत १९१७ मध्ये रझाखानाशी ओळख झाल्याचं आणि आपणच त्याचं नाव आयर्नसाइडपुढे केल्याचं लिहिलंय. इतिहासकारांत त्या कागदांच्या खरेपणावरून भांडण आहे, त्यामुळे चिमूटभर मीठ घालूनच घ्या.

जाता जाता: पहिला फारसी बोलपट १९३३ मध्ये मुंबईतच बनला, अर्देशीर इराणींच्या इम्पिरियल कंपनीत. त्यात नायक-नायिका दरोडेखोरांच्या तावडीतून सुटून मुंबईला येतात आणि इराणात नवी राजवट आली, सुव्यवस्था झाली हे कळल्यावर परत जातात. सरकारी जाहिरात यापेक्षा वेगळी काय असते!

चहाबिस्किट

म्हणजे सिनेमात नायक मुंबईला येऊन परत गेला, आणि प्रत्यक्षात?

दादर_पूर्व

प्रत्यक्षात रझाशाहला मुंबईत उतरूच दिलं नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये गादी सोडायला लावल्यावर बंदर अब्बासहून सहकुटुंब बोटीत बसवलं. बोटीचं नाव 'बांद्रा', शपथ. त्याचा समज असा की मुंबईला काही दिवस मुक्काम करू, मग पुढे दक्षिण अमेरिका बघू. मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर बोट उभी केली आणि स्क्राइन नावाचा इंग्रज अधिकारी चढला: आपण मॉरिशसला जायचंय. चिडला, तारा पाठवायच्या म्हणाला. दुसऱ्या बोटीवर चढवून नेलंच. पुढे जोहान्सबर्ग, आणि १९४४ मध्ये तिथेच गेला.

घटनाप्रेमी

मूळ मुद्द्याकडे येऊ या. धाग्यात मजलिसचा उल्लेख आहे, पण प्रजासत्ताकाचा प्रसंग राहिलाय. त्याशिवाय १९२५ कळत नाही.

जुना_नकाशा

@घटनाप्रेमी, त्यासाठीच थांबलो होतो. ऑक्टोबर १९२३ मध्ये रझाखान पंतप्रधान झाला आणि लगेच अहमद शाह युरोपला गेला तो कायमचाच. शेजारी तुर्कस्तानात केमाल पाशाने प्रजासत्ताक केलेलं. रझाखानाला वाटलं आपणही अध्यक्ष होऊ. १९२४ च्या मार्चमध्ये, नवरोजच्या तोंडावर, प्रांतोप्रांती 'आम्हाला प्रजासत्ताक हवं' अशा तारा यायला लागल्या. तारा कोण पाठवत होतं, हे तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना विचारा.

पण नेमकं त्याच महिन्यात अंकारात खिलाफत बरखास्त झाली. इराणी मुल्लांनी ओळखलं की प्रजासत्ताक म्हणजे उद्या आपली पाळी. मजलिसमध्ये विरोधाचा कणा होता सय्यद हसन मुदर्रिस: अंगात जाडाभरडा कपडा, घरात चटई, आणि जीभ अशी की मंत्री बोलताना चाचरायचे. सभागृहाबाहेर एका सरकारपक्षीय खासदाराने त्याच्या थोबाडीत मारली. ती थप्पड तासाभरात सगळ्या बाजारात पोचली. दुकानं बंद, लोक रस्त्यावर. पंतप्रधान रझाखान स्वतः मजलिसच्या बहारिस्तान इमारतीच्या आवारात आला तर गर्दीने हुर्यो उडवली. त्याने शिपायांना सोडलं, डोकी फुटली. मजलिसचा अध्यक्ष मुतमिन-उल-मुल्क बाहेर आला आणि त्याने सरदार सिपाहला सगळ्यांसमोर झापलं: या आवारात फौज आणायचा अधिकार तुला दिला कोणी?

इथे दुसरा कोणी हुकूमशहा असता तर तोफ आणली असती. १९०८ मध्ये एका शाहने कोसॅकांकरवी याच इमारतीवर तोफा डागल्या होत्या. रझाखान कुमला गेला, मोठ्या मुज्तहिदांना (शिया धर्मपंडितांना) भेटला, आणि प्रजासत्ताकाचा नाद सोडा असं त्याने स्वतःच जाहीर केलं. आठवड्याभरात राजीनामा देऊन तेहरानजवळच्या गावात जाऊन बसला. लगेच प्रांतांतल्या सेनापतींच्या तारा सुरू: सरदार सिपाहला परत बोलवा, नाहीतर आम्ही निघालो. मजलिसचं शिष्टमंडळ गेलं आणि घेऊन आलं. हाच डाव तो १९२२ मध्ये एकदा खेळून झाला होता.

आणि धर्माचं नाटक तर बघण्यासारखं. मुहर्रममध्ये कोसॅकांच्या जुलूसात उघड्या डोक्याने, केसांत भुसा टाकून हा माणूस चालायचा. मुल्लांचे डोळे पाणावायचे. त्याच मुल्लांच्या पगड्यांना पुढे परवाना लागला.

पानगळ

आणि लोकांचं काय? तो कवी एश्की? प्रजासत्ताकाच्या या सोंगावर त्याने टिंगल छापली आणि जुलै १९२४ मध्ये घरात शिरून त्याला गोळ्या घातल्या. तिशीचा होता. तुमच्या सगळ्या वर्णनात डावपेचांचं कौतुक थोडं जास्त झालंय.

जुना_नकाशा

एश्कीचा खून त्याच काळातला आणि सरकारी हाताकडे बोट दाखवणारा, मान्य. डावपेच समजून घेणं म्हणजे आरती ओवाळणं नव्हे. उलट हा माणूस कायदेशीर दिसणारी प्रत्येक पायरी जपतो आणि पायरीखाली कोणीतरी गाडलेलं असतं, हे दिसायला ती पायरी नीट बघावी लागते.

घटनाप्रेमी

तेच ३१ ऑक्टोबर १९२५ ला दिसतं. फेब्रुवारीत मजलिसने त्याला सरसेनापती केलं होतं, मजलिसच्या संमतीशिवाय काढता येणार नाही या अटीसह. म्हणजे शाहच्या हातातली शेवटची दोरी कापली. मग कजर घराणं हटवायचा ठराव. त्याच आठवड्यात मजलिसच्या बाहेर एक खून झाला. कवी आणि खासदार मलिक-उश-शुअरा बहार याला मारायला माणसं टपली होती. तेवढ्यात बाहेर आला वाएझ कझवीनी, कझवीनच्या एका पत्राचा संपादक, दिसायला बहारसारखा. आपल्या बंद पडलेल्या पत्राचं काम घेऊन तेहरानला आला होता बिचारा. मेला तो. बहार वाचला.

अध्यक्ष मुस्तौफीने आधीच हात झटकले, म्हणून उपाध्यक्ष तदय्युन खुर्चीवर. मुदर्रिस उठला, हे घटनाबाह्य आहे, लाख मतं पडली तरी बेकायदेशीरच, असं ओरडून बाहेर गेला. तकीजादे, अला, दौलताबादी विरोधात बोलले. आणि मुसद्दिक. होय, तोच, पुढे तेलाचं राष्ट्रीयीकरण करणारा. त्याने आधी काखेतून कुराण काढलं आणि सगळ्या सभागृहाला उभं केलं. मग वकिली युक्तिवाद, जो मला आजही खणखणीत वाटतो. रझाखानाने देशात शांतता आणली, मान्य. त्याला राजा करा. घटनेप्रमाणे राजाने राज्यकारभार करायचा नसतो, तेव्हा आपण एक कर्तबगार पंतप्रधान गमावू. आणि राजा होऊन कारभारही तोच करणार असेल तर राजा, पंतप्रधान, सेनापती सगळं एकच. असला कारभार झांझिबारमध्येही नाही. मग इतकी वर्षं रक्त कशाला सांडलं?

८५ पैकी ८० जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. डिसेंबरमध्ये घटना समितीने गादी दिली, एप्रिल १९२६ मध्ये राज्याभिषेक.

सुभेदार_नि.

बाकीच्या पाचांचं धैर्य पाहा. तेव्हा फौज दाराशी होती.

चहाबिस्किट

त्या ऐंशीतल्यांचं पुढे काय झालं? त्यांना तरी फळ मिळालं का?

जुना_नकाशा

काहींना दरबारी जागा मिळाल्या. पण ज्यांनी हे सगळं बांधून दिलं त्यांची यादी वाचा. तैमूरताश: दरबारमंत्री, राजाच्या खालोखालचा माणूस, १९३३ मध्ये तुरुंगात मारला गेला. फिरोझ मिर्झा: अर्थमंत्री, १९३८ मध्ये नजरकैदेत संपवला. दावर: नवी न्यायव्यवस्था उभी करणारा, कजरांना हटवायच्या ठरावाची मोट बांधणारा, १९३७ मध्ये अफू घेऊन जीव दिला. बख्तियारी टोळीचा सरदार असद: युद्धमंत्री, १९३४ मध्ये तुरुंगात मेला. मुदर्रिसला खोरासानात हद्दपार ठेवून १९३७ मध्ये मारलं, पण तो तर शत्रूच होता. मुसद्दिक वाचला, १९४० मध्ये थोडे महिने तुरुंगात आणि मग आपल्या गावी नजरकैदेत.

सुभेदार_नि.

एक प्रश्न मला नेहमी पडतो. ज्या फौजेवर वीस वर्षं पैसा ओतला, सक्तीची भरती आणली, ती १९४१ मध्ये तीन दिवसांत का कोसळली? २५ ऑगस्टला दक्षिणेतून आपल्या हिंदी पलटणी घेऊन इंग्रज आणि उत्तरेतून रशियन शिरले. २८ ला युद्धबंदीचा हुकूम. नौदलाचा प्रमुख बायंदोर पहिल्याच सकाळी लढता लढता पडला, त्याला माझा सलाम. बाकी?

जुना_नकाशा

फौज बांधली होती ती टोळ्यांना नमवायला आणि तेहरान ताब्यात ठेवायला. दोन महासत्तांशी लढायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि वरच्या अधिकाऱ्यांत स्वतःच्या डोक्याने निर्णय घेणारा माणूस त्याने उरू दिला नव्हता. युद्धबंदीनंतर सेनापतींनी आपसांत ठरवून सक्तीच्या भरतीतले शिपाई घरी सोडले. रझाशाहला कळलं तेव्हा त्याने कामचलाऊ युद्धमंत्री अहमद नखजवान आणि जनरल रियाझी यांना राजवाड्यात बोलावून स्वतः मारलं, खांद्यावरची पदचिन्हं ओरबाडून काढली आणि अटकेत टाकलं.

मग वाटाघाटींसाठी कोणाला बोलवावं लागलं? फुरूगीला. हाच १९२५ मध्ये नव्या राजवटीचा पहिला पंतप्रधान होता. १९३५ मध्ये मशहदला टोपीच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यानंतर त्याच्या व्याह्याला फाशी दिली, याने रदबदली केली म्हणून यालाही घरी बसवलं होतं. सहा वर्षं पुस्तकं वाचत बसला होता. १६ सप्टेंबरचं पदत्यागाचं पत्र त्यानेच लिहिलं, रझाशाहने सही केली, आणि मजलिसमध्ये वाचूनही त्यानेच दाखवलं.

घटनाप्रेमी

आणि राजपुत्राला शपथ द्यायची घाईही त्यानेच केली. रशियन फौज तेहरानच्या वेशीवर येत होती, इंग्रज तर कजर घराण्याच्या एका वारसाची चाचपणी करून बसले होते. तो वारस ब्रिटिश नौदलात वाढलेला निघाला, त्याला फारसी येत नव्हतं, म्हणून तो बेत बारगळला. फुरूगीवर वेगळा धागा काढा, नाहीतर मी काढतो.